मिस्त्रींची किळस

इंजिनातलं तेल मिस्त्री बोटावर घ्यायचे, नाकाशी न्यायचे आणि असं तोंड करायचे, जणू कुणी नासलेलं दूध पुढं केलंय. मग बाजूला पचकन थुंकून म्हणायचे, "निस्ती घाण."

मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. दुरुस्तीला जुन्या मोटारसायकली तेवढ्या घ्यायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याला दुसऱ्या कुणाचं काम पसंत पडत नाही. मिस्त्रींना तर सगळं जगच कुणीतरी घाईघाईत जोडलंय असं वाटायचं. टपरीवरचा चहा आला की ग्लास उजेडात धरायचे. "ह्यात पत्ती टाकली व्हती, का लांबूनच दाखवली?" टपरीवाला हसत हसत दुसरा ग्लास आणायचा.

मी चितेगावला कंपनीत नोकरीला. वडिलांची जुनी मोटारसायकल फुलंब्रीच्या घरी बावीस वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. वडील शाळेत मास्तर होते. एकदा चौकात क्लच दाबून उभे असताना गाडीनं अचानक उडी घेतली, ते समोरच्या ट्रॉलीवर आदळले आणि उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. तेव्हापासून ते लंगडत चालतात. "माझ्याच हातून क्लच सुटला," एवढंच म्हणायचे. लग्नकार्यात मामा हटकून विचारायचा, "काय मास्तर, घोडा उधळला व्हता म्हनं?" सगळे हसायचे. मीही हसायचो. वडिलांनी पुन्हा कुठल्याच गाडीच्या हँडलला हात लावला नाही.

ती गाडी मी शहरात आणली. इंजिन सुरू झालं, पण क्लच काम करेना. लिव्हर पूर्ण दाबली तरी पहिल्या गिअरला गाडी पुढं ओढ घ्यायची. दोन ठिकाणी दाखवली. दोघांनीही केबल बदलून दिली.

"केबल?" मिस्त्री थुंकले. "डोकं दुखायलं, अन् ह्यांनी टोपी बदलली."

त्यांनी क्लचचं झाकण खोललं. आत काळी चिकट राळ. क्लच दाबला की आतल्या प्लेटा एकमेकींपासून सुटायला हव्यात. त्या एकीला एक चिकटून बसल्या होत्या. नाक मुरडत मिस्त्रींनी एकेक प्लेट सोडवली, रॉकेलमध्ये धुतली, परत बसवली. स्प्रिंगा सारख्या आवळल्या. मग मला म्हणाले, "दाबा लिव्हर. हळू."

प्लेटा जेमतेम केसभर हलल्या.

"प्लेटा साफ, स्प्रिंगा सारख्या. मंग ढकलनारी सळईच आखूड पडायली."

ही सळई दोन तुकड्यांची, मधे एक पोलादी गोळी. मिस्त्रींनी पुढची सळई उपसली, आत चुंबक घातलं आणि बाहेर आली ती गोळी नव्हतीच. सायकलच्या पिनेचा कापलेला तुकडा होता, टोकं कानशीनं गोल केलेली, झिजून चपटी झालेली.

मिस्त्रींच्या तोंडाचा पट्टा सुटला. "आरं, कोन्या नालायकानं हे घातलं? मानूस बसतो ह्या गाडीवर! असल्याचे हात…" बोलता बोलता त्यांनी तुकडा पुसून उजेडात धरला आणि एकदम थांबले.

"तुमचे वडील मास्तर व्हते का? फुलंब्रीचे?"

"हो. ओळखता?"

ते स्टुलावर बसले. "मी डाव्या हातानं कानस मारतो. घासा उलटा पडतो. हे बघा. ह्यो तुकडा माझा हाय."

मला काही कळेना. त्यांनीच सांगितलं. तेव्हा ते दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला होते. मास्तरांची गाडी खोलताना गोळी हरवली होती, शहागंजच्या बाजारात मिळाली असती. "पन उन्हाचं कोन जातं? म्हनून पिन कापून घातली. चालतंय तवर चालू द्या म्हनलं."

मग मी वडिलांच्या पायाचं सांगितलं. मिस्त्री उठून मागच्या नळाशी गेले आणि भडाभडा ओकले.

मला त्यांच्याकडं बघवेना. दुनियेच्या कामावर थुंकणारा हा माणूस! शिसारी आली. पण त्याच क्षणी मामाचा विनोद आठवला, त्यावर दात काढणारा मी आठवलो, आणि माझीच मला जास्त शिसारी आली.

त्यांनी नवी गोळी घातली. क्लच लोण्यासारखा सुटला. हात धुऊन ते म्हणाले, "चला, मास्तरांकडं."

"राहू द्या. मी सांगतो त्यांना."

"तुम्ही नाय. मी."

त्याच गाडीवरून आम्ही फुलंब्रीला पोचलो तेव्हा वडील ओट्यावर पेपर वाचत होते. मिस्त्रींनी तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. वडिलांनी तुकडा बोटांनी फिरवून पाहिला.

"बावीस वर्षं मी स्वतःला नावं ठेवली, मिस्त्री."

"व्हय. आता मला ठेवा."

वडिलांनी नावं ठेवली नाहीत, "असू द्या" असंही म्हणाले नाहीत. आईला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत ते लंगडत अंगणात गेले, गाडीवर बसले आणि कुणाला न विचारता शाळेपर्यंत जाऊन आले. मिस्त्री गल्लीच्या तोंडाशी उभे होते, गाडीचा आवाज परत येईपर्यंत हलले नाहीत. आत येऊन त्यांनी चहा प्यायला. पाणचट होता, मला माहीत आहे. एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. वडील हट्टानं माझ्याबरोबर त्यांच्या घरी आले. मिस्त्रींच्या बायकोनं शेवटच्या दिवसांचं सांगितलं. दवाखान्यात सलाईनच्या स्टँडचं चाक करकरायचं, तर ह्यांनी वॉर्डातल्या माणसाला स्टँड उलटा करून चाकात तेल सोडायला लावलं. "मरनाऱ्यानं मुकाट मरावं का नाय, तुम्हीच सांगा." सांगताना त्या हसत होत्या आणि पदर डोळ्यांना लावत होत्या.

मग त्यांनी वडिलांना विचारलं, "मास्तर, तुमच्या घरून आले तवा दोन दिस जेवले नव्हते. काय सांगायला आले व्हते हो तुम्हाला?"

वडिलांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे, चालवत जा, म्हणाले."