पेटीत काय आहे ते मी पाहिलं नाही

२०१८ साली मी पासष्ट वर्षांचा होतो. केस पिकले होते, पण खांबावर अजून मीच चढायचो. सिहोऱ्याच्या आसपासच्या सात गावांत केबलची वायर मी आणि माझ्या भागीदारानं ओढली. आधी टीव्हीची, मग त्याच खांबांवरून इंटरनेटची. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. तरी कोणत्या खांबावरचा जोड दगा देतो ते मला इंजिनीअरच्या आधी कळायचं. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या.

भागीदारानं बायको आजारी पडल्यावर धंद्यातून अंग काढून घेतलं होतं. पण हाक मारली की शिडी धरायला यायचा. आजही तो चौकात भेटतो. एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते, आणि तो पुढं जातो. शिडी आता दुसरे कोणी धरतात. ते असं का झालं, ते लिहितो आहे.

आमच्या कंट्रोल रूममध्ये, म्हणजे माझ्या घराच्या मागच्या खोलीत, एक काळी पेटी होती. वरच्या, म्हणजे आम्हाला इंटरनेट देणाऱ्या, कंपनीनं बसवलेली. तिचं काम साधं. लोक टोरेंटनं, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फुकटात, सिनेमे उतरवत. एका घरानं उतरवला तोच शेजारच्या घरानं उतरवायचा, आणि तोच माल नागपूरहून पुन्हा पुन्हा आणताना आमची बारीक लाइन गुदमरायची. म्हणून एकदा गेलेली वस्तू पेटी स्वतःजवळ ठेवून घ्यायची. दुसऱ्यानं मागितली की इथूनच द्यायची. पेटी भरली, की बरेच दिवस कोणी न मागितलेलं आपोआप पुसलं जायचं. ठेव म्हणून सांगावं लागत नव्हतं, पूस म्हणूनही नाही. आत काय काय आहे त्याची यादी पाहता येत होती, पण तिचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता.

मग सिनेमावाल्यांच्या वकिलाचं पत्र आलं. इंग्रजीत, चार पानं: आमचे सिनेमे तुमच्या पेटीत चोरून ठेवलेत. शेजारच्या तालुक्यातल्या एका शिकलेल्या केबलवाल्यानं घाबरून त्याच दिवशी पेटीची वायर उपटली. मी उपटली नाही. पत्र घेऊन तुमसरला माझ्या वकिलाकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला समजेल असं सांगितलं.

"काका, तुम्ही रस्ता आहात. रस्त्यानं कोण काय घेऊन गेलं ते रस्त्याला कोणी विचारत नाही. पेटी आपोआप ठेवते, आपोआप पुसते, तोवर ठीक. यांनी ज्या सिनेमांची नावं लेखी दिली तेवढे आपण कंपनीला सांगून बंद करू. पण आतला सिनेमा तुम्ही स्वतः उचलून कोणाच्या हातात दिला, की तुम्ही रस्ता राहिले नाही. दुकानदार झाले."

हे मला फार आवडलं. रस्ता! पुढं त्याच पत्रावरून पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, "यादी उघडता येते का?"

मी म्हणालो, "येते. पन म्या आजवर उघडली नाई, अन् उघडनारही नाई."

साहेब हसले. चहा पाजून त्यांनी मला परत पाठवलं. ही गोष्ट मी बाजारात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत सांगत सुटलो. उघडली नाई, उघडनार नाई. लोक मान डोलवायचे. एवढं शिकलेले घाबरले आणि चौथीवाला टिकला, याचं मला अप्रूप होतं. ते अप्रूपच पुढं आडवं आलं.

भागीदाराची बायको रोवण्याच्या गाण्यांत सगळ्यांच्या पुढं असायची. धान रोवताना बायांची रांग चिखलात उभी राहायची, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या, आणि पहिली ओळ तिची. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी एका वर्षी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून त्याचा मोठा व्हिडिओ केला. तो फोनवरून कुठं जाईना, म्हणून मास्तरांनी तो टोरेंटवर टाकला. नागपूर-पुण्याला गेलेल्या लोकांनी पाहिला, गावानंही उतरवला. पुढं मास्तरांची बदली झाली, त्यांचा कॉम्प्युटर बिघडला. लोकांचे फोन बदलले, मेमरी कार्डं खराब झाली. आणि २०१७ च्या उन्हाळ्यात भागीदाराची बायको गेली.

तिच्या वर्षश्राद्धाला, वर्षाच्या कार्यक्रमाला, चार दिवस होते तेव्हा भागीदार माझ्याकडे मागच्या खोलीत आला. खुर्ची दिली तर बसला नाही.

"तुह्या पेटीत असंल गा तो व्हिडिओ," तो म्हणाला. "मास्तराले फोन केला होता. त्याईच्याजवळ नाई. गावात कोनापाशीच नाई. यादी पाहून दे मले."

"यादी म्या पाहात नाई, तुले मालूम हाय."

"अरे, मी काय सिनेमा मांगून राहिलो का?"

"सिनेमा असो का गानं असो, पेटीले सारखंच. एक वस्तू हातानं काढून देली की मी दुकानदार झालो."

"मले गानं नको," तो म्हणाला. "गानं बाया आताही म्हनतेत. मधात आमची घरची मास्तराले रागावते ना, 'ओ मास्तर, धुऱ्यावरून काय फोटू काढता, चिखलात उतरा ना!' आठवते का तुले? अन् मंग म्हनते, 'अन् थे पाहा, सावलीत बसून राहिले ते आमचेच होत.' तेवढं पाहिजे. आवाज तेवढा."

मला आठवत होतं. तो व्हिडिओ आम्ही दोघांनी माझ्याच ओट्यावर बसून पाहिला होता. 'आमचेच होत' आलं की तो दर वेळी मान खाली घालून हसायचा, आणि मी म्हणायचो, "सावलीतला मानूस, पाय धू बे आपले, चिखल लागला असंल!"

तरी मी हो म्हणालो नाही. ठाण्यात शब्द दिला होता, बाजारात गोष्ट सांगितली होती. एकदा उघडली तर मी खोटा ठरणार होतो. कोणापुढं? साहेब तर बदलून गेलेसुद्धा होते. हे आज सुचतं.

तो पुन्हा म्हणाला, "दोन मिंटाचं काम हाय गा."

त्याला गप्प करायला मी म्हणालो, "पेटीत नाई ते. आता नाईच हाय."

"पाह्यलं का तू?"

"नाई म्हनलं ना!"

तो माझ्याकडे बघत राहिला. खोटं त्याच्या लक्षात आलं की त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. "बरं," एवढं म्हणून तो गेला. कार्यक्रमाला मी गेलो. फोटोला हार घातला होता, बाया गाणी म्हणत होत्या. तो एका बाजूला मांडी घालून बसला होता. मी जेवलो आणि निघालो.

दिवाळीनंतर वरच्या कंपनीनं पेटी काढून न्यायचं ठरवलं. आता टोरेंट कोण उतरवतं? जो तो फोनवर सरळ बघतो. नागपूरहून एक इंजिनीअर मुलगी आली. हुशार, फटाफट बोलणारी. पेटी काढण्याआधी तिनं लॅपटॉप जोडला, माझ्याकडून पासवर्ड घेतला आणि म्हणाली, "काका, यादी काढून ठेवते, आमच्या ऑफिसला लागते. जे पुसलं गेलं त्याचीही नोंद असते."

मी तोंड फिरवून उभा राहिलो. इतकी वर्षं पाहिली नाही, आता कशाला पाहू?

ती हसायला लागली. "सगळे सिनेमेच आहेत. अरे, हे काय? रोवण्याची गाणी? हे कोणी टाकलं होतं?"

मग मी वळलो. तिनं बोट ठेवलं ती ओळ वाचायला मला वेळ लागला. पेटीत कधी आलं, कधी पुसलं, दोन तारखा होत्या. पुसल्याची तारीख वर्षाच्या कार्यक्रमानंतरची होती, बरोबर नवव्या दिवसाची. म्हणजे तो माझ्या खोलीत उभा होता तेव्हा ते गाणं त्याच्यापासून चार हातांवर होतं. मी नाही म्हटल्यानंतर तेरा दिवस ते तिथंच थांबलं होतं.

"हे परत येते का बेटा?"

"नाही काका. त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं असेल." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कोणाचं होतं?"

मी बाहेर ओट्यावर येऊन वकिलांना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. 

"अहो काका, तो नियम दुसऱ्याच्या मालाचा. हे गाणं तिचं, मागणारा तिचा नवरा, आणि मास्तर नाही म्हणणार नव्हते. दोघांकडून एक-एक अर्ज लिहून घेतला असता की झालं असतं. त्या पूर्ण पेटीत हक्कानं मागणारा तो एकच माणूस होता. मला विचारायचं तरी!"

मी काहूनच नाही विचारलं? नंबर होता, फोन खिशात होता. पण विचारलं असतं तर ते 'द्या' म्हणाले असते, आणि मग मला यादी उघडावी लागली असती. मला कायद्याची भीती नव्हतीच. लोक म्हणतील, उघडली ना शेवटी, एवढंच होतं. त्याला मी कायदा म्हणत राहिलो.

आत येऊन त्या मुलीला म्हणालो, "ती ओळ पुन्हा दाखव." तिनं छापून देते म्हटलं, मी नको म्हटलं. मुलाच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि माझ्या हातानं लिहिलं: गाण्याचं नाव, आल्याची तारीख, पुसल्याची तारीख. खाली लिहिलं, पेटीत होतं, मी पाहिलं नाही, खोटं बोललो. अक्षर वाकडं आलं. पेटी गाडीत चढली. तिच्या जागी भिंतीवर धुळीचा चौकोन उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात धान वाळत घालत होता. मी चपला फाटकाशी काढल्या, धानाच्या कडेनं त्याच्यापर्यंत गेलो आणि कागद त्याच्या हातात दिला. वाचायला त्यालाही माझ्याइतकाच वेळ लागतो. त्याचं वाचून होईपर्यंत मी उन्हात तसाच उभा राहिलो.