आक्काच्या दुखण्याचं नाव

हसनाबादहून पहिल्या एस.टी.नं आलेल्या माणसानं सांगितलं, "मास्तर, आक्का गेल्या." आणि मी काही विचारायच्या आतच त्यानं पुढं जोडलं, "दाढंचं दुखनं लई वाढल्तं म्हने." डोळे भरून आले होते तरी मला हसू फुटलं. आमच्या दाजींनी साऱ्या गावाला हेच तर सांगितलं होतं.

आक्का माझी थोरली बहीण. आईमागं तिनंच मला वाढवलं आणि तो हक्क शेवटपर्यंत बजावला. जालन्यात मास्तर झालो तरी चारचौघांत माझा कान धरायची. तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावत ती रोज सकाळी दारात बसायची आणि गल्लीची खबरबात घ्यायची. दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हाही मिश्रीची पितळी डबी कमरेला होतीच. गालाच्या आतला फोड बरा होईना, तेव्हा आम्ही तिला औरंगाबादला नेलं. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, मिश्रीनं झालेला. परतताना दाजी म्हणाले, "शांतीची सोयरीक जमून राह्यली. हे नाव तोंडातून काडायचं न्हाई." लेकीचा प्रश्न होता. आक्कानं मान डोलावली; ती कुणाचं असं मुकाट ऐकते हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

एका रविवारी मी तिला पेपर वाचून दाखवत होतो. देशात कॅन्सरचे रोगी किती, संशोधनाला सरकारनं पैसा किती द्यावा, असं काहीसं होतं.

"आन् आपल्या गावातले किती धरले त्याह्यनी?"

"आपल्याकडं कुणी सांगतच नाही, आक्का."

"मंग बराबर हाये. सरकार म्हनत आसंल, हितं समदे तापानंच मरतेत, कशाला खर्चा करायचा!" ती खळखळून हसली आणि लगेच गाल धरून कळवळली.

पुढं मुलाकडची मंडळी आली. चहा होताच आक्कानं सांगून टाकलं, "मला कॅन्सर हाये. पटत आसंल तर बघा." मुलाची आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "माझ्या मायलाबी त्योच व्हता. आमी ताप म्हनलो." लग्न ठरलं, पार पडलं आणि आक्कानं ते डोळे भरून पाहिलं. गावाला मात्र दाजी दाढच सांगत राहिले. "मी गेल्यावर तरी खरं सांगा," असं ती त्यांना माझ्यासमोर म्हणाली होती. दाजी उठून बैलांना पाणी पाजायला गेले.

तिच्या मातीनंतर ग्रामसेवक नोंद करायला आले. "ताप लिहू ना?" त्यांनी सवयीनं विचारलं. दाजी म्हणाले, "न्हाई. कॅन्सर लिव्हा." आणि लहान पोरासारखे रडले.

परवा दाजींकडं गेलो, तर आक्काची डबी कोनाड्यात तशीच, घासूनपुसून ठेवलेली. मिश्री अजून आतच होती. मी म्हटलं, "दाजी, टाकून द्यायची ना."

"ऱ्हाऊ द्या. दारावरून बाया जातेत, त्याह्यला दाखवतो. तुमच्या आक्काला काय झाल्तं ते नाव घिऊन सांगतो."