चिंचेत भिजलेली पलटण

बदलापूर गावात रोमन साम्राज्य अजून टिकून आहे, आणि ते एकट्या माझ्या साडूभाऊंच्या जिवावर. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर अंबरनाथच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळलं, पण डोक्यात कायम रोमन सम्राटांची नाणी. त्यातही देवीबिवी असलेलं नाणं यांना नको, शिपाई हवेत. नखाएवढी तांब्याची नाणी भिंगाखाली धरून आपल्याला दाखवणार: दोन शिपाई समोरासमोर, मध्ये निशाणं. आधीच्या नाण्यांवर निशाणं दोन, नंतरच्यांवर एकच. "नाणं लहान केलं तसं एक निशाण काढलं, पण शिपाई दोघेही ठेवले. आमच्या कंपनीनं बरोबर उलटं केलं," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्याकडे अंबरनाथला आले की तिथल्या जुन्या शिवमंदिराला एक चक्कर ठरलेली. तिथलं कोरीवकाम तासभर निरखतील आणि बाहेर येऊन म्हणतील, सगळं अप्रतिम आहे हो, फक्त रांगेत कोणी उभं नाही. लग्नातल्या फोटोत उजवा हात उंच करून उभे राहतात, कारण सैन्यापुढे सम्राट असाच उभा राहतो म्हणे. माझ्या मेहुण्याच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी ती पोज करून दाखवली, आणि वाढप्याने बिचाऱ्याने पानात चार जिलब्या टाकल्या.

त्यांचा खरा जीव मात्र एका मोठ्या पितळी नाण्यात. उल्हासनगरला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका सिंधी दोस्ताच्या डब्यात ते सापडलं. दोस्त सरळ माणूस. "साईं, चीज पुरानी लगती है, गॅरंटी कुछ नहीं," असं बजावूनच त्याने दिलं. वर काळीहिरवी खपली इतकी, की काही म्हणजे काही दिसत नव्हतं. साडूभाऊंचं म्हणणं, हिच्याखाली चौथऱ्यावर सम्राट आहे, हात वर करून पलटणीशी बोलतोय. आम्ही सगळ्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. मला करपलेला बटाट्याचा काप दिसला, बायकोला गणपती दिसला. मग ठाण्याहून एक जाणते संग्राहक आले. त्यांनी नाणं पाहिलं, गालात हसले आणि एवढंच विचारलं, "उल्हासनगरला घेतलंत ना?" नकली मालाला उल्हासनगरचंच नाव, त्यामुळे आमच्या भागात हा प्रश्न नसतो, निकाल असतो. साडूभाऊंना ते फार लागलं. खपली काढली असती तर सोक्षमोक्ष झाला असता, पण ते हात लावायला तयार नाहीत. जुनं नाणं घासलं की संग्राहकाच्या लेखी ते मेलं. त्यापेक्षा खोटं ठरलेलं परवडलं, म्हणाले, आणि नाणं कपाटात गेलं.

पुढे खंडेनवमी आली. आम्ही दोघं दसऱ्यासाठी त्यांच्याकडेच होतो. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, दरवर्षी शस्त्रपूजेला विळी, सुरी आणि साडूभाऊंचा स्क्रू-ड्रायव्हर मांडते. त्या वर्षी यांनाच हुक्की आली. आपल्या घरात खरी पलटण असताना नुसती विळी काय पुजायची? नाणं काढून ताईच्या हातात दिलं आणि अंघोळीला गेले. आता पूजेत मळकं पितळ कोण ठेवील? तिने घंटा आणि निरांजनाबरोबर तेही चिंचेत भिजवलं आणि काथ्याने खसाखसा घासलं.

साडूभाऊ पंचा गुंडाळून स्वयंपाकघरात आले, चिंचेचं भांडं पाहिलं आणि मट्कन पाटावर बसले. ताईला यातलं काही माहीत नाही. तिने नाणं पदराला पुसलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "अहो, यात माणसं आहेत."

होती! चौथऱ्यावर सम्राट, हात वर, समोर ढाली घेतलेले तीन शिपाई आणि त्यांचं निशाण. पितळ असं झळकत होतं की दसऱ्याचं सोनं त्यापुढे फिकं. आम्ही ते हातोहात फिरवलं, मी तर चक्क टाळ्या वाजवल्या. साडूभाऊ पंच्यासकट स्टुलावर चढले, उजवा हात उंच केला, आणि तसेच उभे राहून उल्हासनगरला फोन लावला: "साईं, पूरी फौज निकली!" पलीकडचा माणूसही इतका खूश झाला की त्याचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटत ते अख्खं गाव फिरले, आणि ज्याला पान दिलं त्याला नाणं दाखवलं. इतका जिंकलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

फक्त परत येताना, घराच्या पायरीशी, त्यांनी माझा दंड धरला. "नाणं तर मेलंच," ते म्हणाले, "पण हिला कधी कळता कामा नये."

तेव्हापासून दर खंडेनवमीला ते स्वतःच्या हाताने नाणं ताईच्या चिंचेत टाकतात. घासून घासून आता ढाली सपाट झाल्यात, एका शिपायाचा तर चेहराच गेला, आणि सम्राटाचा हात दोऱ्याएवढा उरलाय. गेल्या वर्षी ताईने पुसून ते कौतुकाने पुढे धरलं, "बघा, दरवर्षी कसं लख्ख निघतं." साडूभाऊंनी भिंग न लावताच पाहिलं, उजवा हात वर केला आणि म्हणाले, "सगळे हजर आहेत."