लेस्टरमधलं पथ्याचं ताट

मँचेस्टरहून निघताना पिशवीत सगळ्यात वर डबा ठेवला. आत जिऱ्याचा भात आणि उकडलेला बटाटा होता. जेवायचं आमंत्रण लेस्टरला कुमुदकाकूंकडे, आणि वाटेत खायला घरचा डबा. आमच्या नागपुरात कुणी ऐकलं तर हसतील. पण हल्ली माझं सगळं पोट ठरवतं. डॉक्टर त्याला आयबीएस (आतडी वरचेवर बिघडण्याचा विकार) म्हणतात. तपासण्यांत काही सापडत नाही, कळ मात्र खरी असते. आहारतज्ज्ञ बाईंनी कांदा, लसूण, गहू, दूध आणि बहुतेक डाळी काही आठवडे बंद केल्या होत्या. पुढे एकेक पदार्थ परत आणून बघायचा होता. कांदा-लसणावाचून नागपूरच्या माणसाने काय खायचं, हे मात्र माझं मलाच शोधायचं होतं.

ट्रामने स्टेशन गाठलं आणि शेफील्डची गाडी पकडली. या वाटेवर टेकड्या फार सुंदर आहेत. ओल्या हिरव्या उतारांवर दगडी कुंपणं आणि त्यांच्या आडोशाला मेंढ्या. डब्यातल्या स्वच्छतागृहावर ‘बंद’ अशी पाटी दिसली आणि माझ्यापुरता निसर्ग तिथेच संपला. मी दाराशी उभी राहून घाम पुसत होते, तेव्हा समोरच्या इंग्रज आजींनी विचारलं, बरी आहेस ना? मी मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, “माझ्या बहिणीचंही असंच होतं. स्टेशन आलं की तू पळ, तुझी पिशवी मी बघते.” शेफील्डला त्या खरंच पिशवी धरून फलाटावर थांबल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुढच्या गाडीला वेळ होता. स्टॉलवर जॅकेट पोटॅटो (सालीसकट भाजलेला अख्खा बटाटा) होता, पण त्यावर बीन्स ओतलेल्या. चिप्सच्या पाकिटावर बारीक अक्षरांत कांद्याची पूड सापडली. या देशात कांदा दिसत नाही, पण असतो सगळीकडे. बाकावर बसून मी आपला भात खाल्ला.

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर पोचले की परदेशात असल्याचं विसरायला होतं. साड्यांची दुकानं, काचेमागे रचलेली मिठाई, तळणीचा वास. गरम कचोऱ्या बघून तोंडाला पाणी सुटलं आणि मी रस्ता ओलांडून पलीकडून चालू लागले.

काकू म्हणजे माझ्या बाबांच्या मित्राची बायको. गेल्या हिवाळ्यात काका हृदयविकाराने गेले आणि त्यानंतर काकूंनी कुणालाच जेवायला बोलावलं नव्हतं. मी पहिली. म्हणून नाही म्हणवेना. काय चालत नाही ते मी फोनवर सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. आपल्याकडे आजार म्हटला की ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत दोन घास जास्तच वाढतात. आणि काकूंचा आग्रह तर प्रसिद्ध होता.

ताट बघून मी चकित झाले. भगर, दाण्याची आमटी, जिऱ्याची बटाटाभाजी, दह्याविना काकडीची कोशिंबीर. सगळं मला चालणारं. काकू म्हणाल्या, “तुझं व्रत मोडेल असं काही केलेलं नाही बघ. हिंगसुद्धा नाही.”

कांदा-लसूण, गहू, डाळी सगळंच वर्ज्य म्हणजे व्रतच, हा त्यांचा हिशेब. आणि व्रत म्हटल्यावर त्यांनी आग्रहाचा एक शब्द काढला नाही. किती महिन्यांनी मी कुणाच्या घरी न घाबरता जेवत होते. वाटलं, राहू दे हा गैरसमज, कुणाचं काय जातंय? तेवढ्यात काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, “यांच्यासाठी धरलंस ना? आमच्या मुलाला, रोहनलाही सुचलं नाही गं.”

हातातला घास मी ताटात ठेवला. आता गप्प राहणं म्हणजे काकांच्या नावावर खोटं बोलणं होतं.

“काकू, व्रत नाही. पोटाचं दुखणं आहे. तुम्ही आग्रह कराल म्हणून सांगायला घाबरले.”

त्यांचा चेहरा उतरला. मला स्वतःचा राग आला; काकांसाठी कुणी व्रत धरलंय, हे सुख त्यांना घटकाभरही लाभलं नाही. वाढायला उचललेली पळी त्यांनी आमटीच्या पातेल्यात परत ठेवली.

“यांचंही पोट असंच होतं,” त्या म्हणाल्या. “आमचा जीपी डॉक्टर म्हणायचा, स्ट्रेस आहे. मी म्हणायचे, एवढ्याने काय होतंय, आणि वाढायचे. ते मुकाट्याने खायचे, मग वर बेडरूममध्ये जाऊन पडायचे. मला वाटायचं, यांना माझ्याबरोबर टीव्ही बघायचा नसतो.”

मी त्यांचा हात धरला. डोळे पुसून त्यांनी विचारलं, “खरं सांग, आमटी हवी आहे का?”

“अर्धी पळी,” मी म्हणाले. मला खरंच हवी होती. काकूंनी पळी कलती करून जादाची आमटी पातेल्यात सोडली आणि मोजून अर्धीच वाढली.

परतीच्या गाडीत टेकड्या अंधारात गेल्या होत्या. मला वाटायचं, खाण्याचं पथ्य माणसांपासून तोडतं. खरं तर मला तोडत होतं ते लपवणं. शेफील्ड मागे पडल्यावर पोटाने कुरकुर सुरू केली. दाणे जरा जास्तच झाले असावेत. खरं बोललं म्हणून पोट काही बक्षीस देत नाही.

घरी पोचले आणि काकूंचा फोन आला. नेहमीचा त्यांचा पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’ असतो. आज त्यांनी विचारलं, “पोट कसं आहे?”

बरं आहे, असं तोंडावर आलं होतं. मी म्हणाले, “दुखतंय, काकू.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग आता काही खाऊ नकोस.”

आल्यागेल्या कुणाला उपाशी जाऊ न देणारी ही बाई. एवढं वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, हे मला कळलं आणि रडूच आलं.