बोकडाचा आवाज

"कॅसेटी आहेत की. खोलीभर आहेत. पण जागा खाली करतोय मी. सोमवारी भंगारवाला येतोय, बघायच्या तर त्याच्या आधी या."

केबलवाले काका फोनवर एवढंच म्हणाले आणि मी स्टाफरूममध्ये खुर्ची सोडून उभीच राहिले. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "काय हो, काही वाईट बातमी?" मी मान हलवली. तीस वर्षांपूर्वीचा एक बोकड सापडायची शक्यता आहे, हे त्यांना कसं सांगणार होते?

मी पाचवीत असताना नगरमधल्या एका केबल नेटवर्कनं स्वतःचं चॅनल काढलं होतं. दिवसभर सिनेमे, मधेमधे साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, आणि रविवारी सकाळी अर्धा तास मुलांचा कार्यक्रम. त्याचा नायक एक बोकड होता. घोडेगावच्या बाजारातून टेम्पोतून उडी मारून पळालेला आणि शहरात येऊन चुकलेला. काळ्या घोंगडीच्या तुकड्यांचा, हातात घालून नाचवायचा. त्याला शहरातलं काहीच ठाऊक नसायचं, म्हणून तो प्रत्येक गोष्टीकडे बघून विचारायचा, "ह्ये काय हाय वं?" त्याला उत्तर देणारी दोन वेण्यांची पोरगी म्हणजे मी. मी शाळेतल्यासारखं घडाघडा उत्तर द्यायचे आणि तो असा काही उलटा प्रश्न टाकायचा, की मी गप्प. मग तो हसायचा. त्या हसण्यासाठी लोक टीव्ही लावायचे.

ते हसणं खालाचं होतं. खाला म्हणजे मावशी, माझ्या मैत्रिणीची आई. भिंगारच्या बाजारात तिचं शिलाईचं दुकान, लष्करातल्या लोकांचे युनिफॉर्म शिवायची. बोकडही तिनंच शिवलेला. घरात उर्दू मिसळून बोलणारी ही बाई टेबलाखाली बसून बोकडात हात घातला की अस्सल नेवाशाकडची व्हायची. माहेर तिकडचंच तिचं.

पुढे चॅनल बंद पडलं, बोकड कुणीतरी नेला तो गेला. आम्ही शिकलो, लग्नं झाली. मैत्रीण नवरा-मुलीसह आईजवळच राहिली आणि तिनं दुकान सांभाळलं. मग खालाच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती नुसती कुजबुजते, तेही अगदी कानाशी गेलं तर ऐकू येतं. मैत्रिणीची मुलगी त्यानंतर जन्मली. या उन्हाळ्यात एकदा जेवताना ती पोर म्हणाली, "नानीचा आवाज कसा होता?" मैत्रिणीनं नक्कल करून दाखवायचा प्रयत्न केला, तिला जमेना. मला करायला सांगितलं, मलाही जमेना. फोटो ढीगभर होते, पण आवाज कुठेच नव्हता. तेव्हापासून आम्ही दोघी त्या चॅनलच्या मागे लागलो होतो. कुणाकुणाला विचारत अखेर काकांपर्यंत पोचलो होतो.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी तिथे हजर. तिसऱ्या मजल्यावरची खोली. काकांनी दार ढकललं आणि बुरशीचा असा भपकारा आला की मैत्रिणीनं ओढणी नाकाला लावली. जमिनीपासून छतापर्यंत व्हीएचएस कॅसेटी. काही रॅकवर, काही गोण्यांत, काही नुसत्याच रचलेल्या. चिठ्ठ्या वाळवीनं खाल्लेल्या.

"काय शोधायचंय नक्की?" काका दारातूनच म्हणाले. त्यांच्यात फार उत्साह दिसला नाही. केबल संपून आता ते इंटरनेटचं बघतात.

"बोकड," मी म्हणाले.

काका थबकले. माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तू ती दोन वेण्यांची पोरगी का गं? जी सारखी कॅमेऱ्यात बघायची?"

"तुम्हाला आठवतं?"

"आठवतं म्हणजे? शूटिंग मीच करायचो! किती वेळा ओरडलो असेन, कॅमेऱ्यात बघू नको, बोकडाकडे बघ!" आणि मैत्रिणीकडे वळून, "आणि तू शिलाईवाल्या बाजींची लेक. टेबलाखाली आईच्या पायाशी झोपायचीस." मग ते स्वतःच बाह्या सरसावून आत शिरले.

त्यांनी एक व्हीसीआर जपून ठेवला होता. तो टेबलावर मांडला, हेड स्पिरिटनं पुसलं, जुना टीव्ही जोडला. आम्ही कॅसेटी काढायच्या, कापडानं पुसायच्या, त्यांनी लावायच्या. पहिली लावली: लग्न. दुसरी: गणपतीची मिरवणूक. तिसरी: लग्न. मग कुणाचा तरी सत्कार, मग पुन्हा लग्न. दर वेळी पडदा उजळला की आम्ही तिघंही पुढे वाकायचो आणि वरमाला दिसली की मागे टेकायचो.

"एवढी लग्नं?" मी वैतागून म्हणाले.

"अगं, कॅसेट महाग पडायची. कार्यक्रम दाखवून झाला की त्याच्यावरच पुढचं रेकॉर्डिंग. तुमचा बोकड बहुतेक ह्याच लग्नांच्या खाली गाडला गेलाय." काका अपराध्यासारखे हसले.

दुपार झाली. वडापाव मागवून तिथेच खाल्ले. एका लग्नात नवरी निरोप घेत होती, रडारड चालली होती, काका पुढे पळवत होते. निरोप संपला, पडदा काळा झाला, मुंग्या आल्या. काका कॅसेट काढायला हात पुढे करणार एवढ्यात मुंग्यांतून एक टेबल दिसलं. टेबलावर दोन शिंगं.

"थांबा!" आम्ही दोघी एकदम किंचाळलो.

बोकड! लग्न आधी संपलं होतं आणि कॅसेटचं शेपूट तसंच राहिलं होतं. ती काळी घोंगडी, ते एका बाजूला लोंबणारं शिंग. शेजारी मी, वेण्या घातलेली, आणि खरंच सरळ कॅमेऱ्यात बघतेय! मैत्रीण माझा दंड इतका घट्ट धरून होती की वळ उठले. बोकड तोंड उघडत होता, मिटत होता, मान वाकडी करत होता.

पण आवाज नव्हता.

काकांनी आवाज पूर्ण मोठा केला. नुसती खरखर. कॅसेट काढून उजेडात धरली. फितीच्या एका कडेला पांढरी बुरशी होती. "आवाज कडेला असतो," ते हळूच म्हणाले. "बुरशी कडेपासूनच खाते."

मैत्रीण टीव्हीसमोरून हललीच नाही. तिची आई समोर बोलत होती आणि पुन्हा ऐकू येत नव्हती. मीच काकांना म्हणाले, "ह्याच्या कॉप्या नव्हत्या?"

"कॉप्या कशाला कोण..." असं म्हणता म्हणता काका थांबले. टेबलावर थाप मारली. "काढल्या होत्या! उन्हाळ्याच्या सुटीत जिल्ह्यातल्या केबलवाल्यांना पाठवल्या होत्या. संगमनेरला एक, घोडेगावला एक. एसटीनं पार्सल! आपल्याकडे परत एकही आली नाही."

संगमनेरच्या माणसाला त्यांनी तिथूनच फोन लावला. त्याचं सगळं सामान पुरात गेलेलं. घोडेगावच्या माणसाचा नंबरच नव्हता. "पण मला त्याचं घर आठवतंय," काका म्हणाले. "चला."

"आत्ता?"

"मग काय सोमवारी?"

काकांची गाडी, पुढे काका आणि मी, मागे मैत्रीण. संभाजीनगर रस्त्यानं निघालो. पांढरीचा पूल गेला तरी मैत्रीण खिडकीबाहेरच बघत होती. काकांनी मात्र तोंडाचा पट्टा सोडला होता. कुठल्या भागात बोकडाला लिफ्टमध्ये कोंडलं, खालाला टेबलाखाली शिंक आली आणि ती बोकडाचीच शिंक म्हणून कशी खपवली, सगळं त्यांना आठवायला लागलं होतं. शिंकेच्या गोष्टीला मैत्रीण मागून हसली, तेव्हा मला बरं वाटलं.

घोडेगावात जुन्या केबलवाल्यानं आता जनावरांच्या सामानाचं दुकान टाकलंय. दारात दावी, म्होरक्या, घुंगुरमाळा टांगलेल्या. तो काकांना ओळखून उठून आला, चहा सांगितला. काकांनी विषय काढला.

"ती बोकडाची कॅसेट व्हय?"

"हां. टाकली असशील ना?"

"टाकून कशी दीन? बोकड आमच्या गावचा हुता न्हवं!" तो हसला आणि आत हाक मारली, "अगं, ती पोरांची कॅसेट काढ गं!" त्याची बायको आतून म्हणाली, "कोनती, बोकडाची का? कपाटात हाय." जणू कालच बघून ठेवली होती. "लई बघायची आमची पोरं," ती कॅसेट घेऊन येत म्हणाली. "मशीन मोडलं म्हनून, न्हाई तर अजून बघितली असती." प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर साडीच्या कापडात गुंडाळलेली कॅसेट. मैत्रिणीनं ती दोन्ही हातांनी घेतली.

परत येताना काकांनी नगरमध्ये गाडी थांबवून व्हीसीआर आणि टीव्ही उचलले आणि आम्ही थेट भिंगारला गेलो. संध्याकाळ व्हायची होती. खाला दुकानात काज करत बसली होती. आम्ही एवढं सामान घेऊन का आलोय हे तिला कळेना. काकांना तिनं ओळखलं, पदर सारखा केला, हातानंच विचारलं, काय? मैत्रीण म्हणाली, "अम्मी, बस ना जरा. काही विचारू नकोस." नात शाळेचा गृहपाठ टाकून येऊन नानीच्या मांडीला चिकटली.

काकांनी कॅसेट आत सरकवली. चित्र गरगरलं. त्यांनी ट्रॅकिंगचं बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकल्या, वर गेल्या, आणि चित्र स्थिरावलं.

"आरं बाबा बाबा! ह्ये काय हाय वं? ह्यो लाल डबा तोंड उघडून का हुबा हाय? ह्याला वैरन टाकत न्हाई का कुनी?"

पोस्टाच्या पेटीचा भाग होता. आणि आवाज! भरदार, खट्याळ, घशातून गडगडत येणारा. आम्ही नक्कल करायला गेलो होतो त्याच्या जवळपासही तो नव्हता. मी मोठ्यानं हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मैत्रीण तर सरळ जमिनीवर बसली.

नात आधी टीव्हीकडे बघत राहिली, मग नानीकडे. "हा कोण बोलतोय?"

मैत्रिणीनं खालाकडे बोट केलं.

"नानी?" पोरीचा विश्वास बसेना. "हा बोकड नानी आहे?"

मला वाटलं होतं खाला रडेल. ती रडली नाही. चष्मा वर सरकवून पडद्याकडे रोखून बघत होती. मग तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कान तिच्या ओठांशी नेला.

"शिंग वाकडं बसलंय," ती कुजबुजली. "तेव्हाच म्हणत होते मी, उसवून पुन्हा लावते. ह्यांनी ऐकलं नाही." आणि काकांकडे डोळे वटारले.

काकांना सांगितलं, तर ते कान पकडून म्हणाले, "बाजी, चूक झाली!"

कॅसेट पुढे चालली होती. पडद्यावरची मी पत्र कुठून कुठे जातं ते घडाघडा सांगत होते. खालाचा उजवा हात आपोआप वर आला. बोटं जुळली, अंगठा खाली, बोकडाचं तोंड झालं. मी पडद्यावर बोलायची थांबले त्या क्षणी तिनं ते तोंड उघडलं आणि टीव्हीतून बोकड म्हणाला, "म्हंजी, मी माज्या आईला पत्तर टाकलं, तर तिला वाचून कोन दावनार?"

उत्तर न सुचून मी पडद्यावर गप्प झाले आणि बोकड हसला. खालाचा हात हसला, खांदे हसले. नातीनं तिच्या बोटांच्या तोंडाजवळ आपला चेहरा नेला आणि विचारलं, "ह्ये काय हाय वं?"

काकांनी कॅसेट मागे फिरवली आणि आम्ही तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.