अंबाडी पाटील आणि उकिरड्यावरचं झाड

बोरटाकळीचे पोलीस पाटील चंद्रभान यांना गावात दोन नावं आहेत. समोर असले की "पाटील", आणि पाठ फिरली की "अंबाडी पाटील".

दुसरं नाव अकरा वर्षांपूर्वीचं. चंद्रभान तेव्हा नवे नवे पोलीस पाटील झाले होते. गावात काहीतरी सापडावं, अशी त्यांना फार घाई. एका सकाळी भुजंगच्या कापसाच्या कडेला उंच झाडांची ओळ दिसली. पानं फाटलेली, हाताच्या पाच बोटांसारखी. चंद्रभानने बांधावरूनच ठाण्याला फोन लावला, "साहेब, गांजा! आख्खी रांग!"

जीप आली. साहेब आले, सहा पोलीस आले, शूटिंग करणारा आला. साहेबांनी एक पान तोडलं, हुंगलं, मग तोंडात टाकलं. आंबटपणानं त्यांचा एक डोळा मिटला.

"पाटील," साहेब म्हणाले, "ही अंबाडी आहे."

भुजंगच्या बायकोनं दुपारी आठ माणसांना अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल आणि ज्वारीची भाकरी वाढली. साहेब खूश होऊन गेले. चंद्रभान मात्र त्या दिवसापासून बदलले. पाच बोटांचं कुठलंही पान दिसलं की ते मान वळवायचे आणि म्हणायचे, "अंबाडी हाय." दर महिन्याच्या अखेरीस ठाण्याला अहवाल जायचा, 'गावात गांजाची लागवड : निरंक.' निरंक, म्हणजे काही नाही. अकरा वर्षं निरंक. ही त्यांची शान होती. गंगाखेडला उसाच्या गाडीवर बसून जाताना ते अनोळखी माणसालाही सांगायचे.

आणि आता पदाच्या नूतनीकरणाची सुनावणी आली होती. सोमवारी, गंगाखेडला, मोठ्या साहेबांपुढे. पद राहणार की जाणार ते त्या दिवशी ठरणार. चंद्रभानने अकरा वर्षांचे निरंक एका फाइलीत लावले आणि फाइल भिंतीतल्या देवळीत ठेवली. बायको पंचफुलानं तिला रोज हळद-कुंकू वाहायचंच काय ते बाकी होतं.

नेमकी त्याच आठवड्यात लेक राजनंदिनी परभणीहून घरी आली. ती कृषी विद्यापीठात शिकते. सुनावणीनंतरच्या गुरुवारी तिची वादविवाद स्पर्धा होती. विषय, राज्यानं गांजा कायदेशीर करून त्यावर कर लावावा का? चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हिची चिठ्ठी निघाली, 'बाजूने'.

"पोलीस पाटलाची पोरगी," चंद्रभान म्हणाले, "गांजाच्या बाजूनं बोलणार?"

"पप्पा, ते माझं मत न्हाई. माझी बाजू हाय."

"मग मत काय तुझं?"

"ते चिठ्ठीत नव्हतं."

पंचफुला चुलीपाशी हसली. "बोलू द्या की वो. तुमच्या निरंकपेक्षा चार शब्द जास्तच येतील तिला."

आता एक गोष्ट सांगायला हवी. ग्रामपंचायतीचा भोंगा मारुतीच्या देवळावर आहे, पण माइक आणि त्याचं यंत्र चंद्रभानच्या ओसरीत. सरकारी सूचना गावाला सांगणं त्यांचंच काम. पण माइक तोंडापुढे आला की चंद्रभानचा आवाज बसतो. म्हणून आठवीत असल्यापासून सूचना राजनंदिनीच वाचते. राशन कधी येणार, लसीकरण कधी, घरकुलाची यादी कुठं लागली, सगळं तिच्या आवाजात. बोरटाकळीत राजनंदिनीचा आवाज म्हणजे सरकार.

रविवारी सकाळी तिनं सूचना वाचली. "सर्व शेतकऱ्यांना कळवण्यात येतं की, ई-पीक पाहणीची मुदत संपत आली हाय. आपापल्या पिकाची नोंद करून घ्यावी." ती संपते न संपते तोच लाइट गेली.

"बरं झालं," राजनंदिनी म्हणाली. "आता माइक मेलाय. हातात धरून भाषणाची तालीम करते. स्टेजवर हात थरथरतो माझा."

ती उभी राहिली, पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि मेलेल्या माइकात बोलायला लागली. "समजा, उद्या आपल्या राज्यानं कायदा केला. दारूवर कर लावलाच की नाही? मग हे लपून का? समजा, सरकारनं स्वतः शेतकऱ्याला म्हटलं..."

इथं लाइट आली. लाइटीबरोबर शेजारची व्यंकटीची पिठाची गिरणी धडधडायला लागली. त्या धडधडीत राजनंदिनीला स्वतःचा आवाजही धड ऐकू येईना, मग देवळावरचा भोंगा कुठून येणार? तिनं आवाज आणखी चढवला. दोन्ही 'समजा' अंधारात राहून गेले होते. गावावर उरलेलं कोसळलं.

"...परवाना घ्या! लागवड करा! कर भरा, आणि ताठ मानेनं गांजा विका! आता पोलिसाला भ्यायचं कारण नाही!"

वीस मिनिटांत ओसरीपुढे पस्तीस-चाळीस माणसं जमली. पुढे भुजंग. एका हातात सातबारा, दुसऱ्या हातात आधारची झेरॉक्स.

"पाटील, नोंद कुठं करायची?"

"कशाची नोंद?"

"गांजाची. मोबाईलच्या ॲपमधी दिसंना झालाय. सोयाबीन हाय, तूर हाय, अंबाडीसुदिक हाय." भुजंग जरा थांबला. "तुमाला तं अंबाडीची म्हाईती हायच."

मागे कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

"आरं कुणी सांगितलं तुमाला?"

"सरकारनं सांगितलं. राजीच्या तोंडून."

सगळ्यांनी एकदमच विचारायला सुरुवात केली. हमीभाव किती? पीक विमा लागू हाय का? रानडुकरं खात्यात का? खाल्लं तर डुकराचं काय व्हतंय?

"अन् पाटील, कर किती टक्के?" भुजंग म्हणाला. "कर शेतकऱ्यानं भरायचा का वढणाऱ्यानं?"

"वढणाऱ्यानं," राजनंदिनीच्या तोंडून निघून गेलं.

"मग चालतंय!"

"न्हाई चालत!" चंद्रभान ओरडले. "आसा कायदाच न्हाई! कॉलेजात पोरं भांडत्यात तसं भांडण हाय ते! इकडून एक बोलतंय, तिकडून एक बोलतंय, अन् शेवटी कपबशी मिळती!"

गर्दी हिरमुसली. एवढ्यात मागून वाट काढत कस्तुराबाई आल्या. वय सत्तरच्या पुढे, नात्यानं चंद्रभानची चुलती, घर दोन घरं सोडून. त्यांनी काठी टेकवली.

"चंद्या, माझी नोंद कर बाबा. येकच झाड हाय."

"कशाचं झाड, काकू?"

"गांजाचं. उकिरड्यावर. आपोआप उगवतंय दरसाल. म्हशीचं पोट फुगलं की त्याचाच पाला देते गुळासंगं." त्यांनी सुस्कारा सोडला. "लय वर्सं लपवलं बाबा तुज्यापासून. आता सरकारच म्हनालं भिऊ नका, तं मनलं मोकळं व्हावं."

चंद्रभानने सवयीनं मान वळवली. "काकू, ती अंबाडी हाय."

"अंबाडी मी रोज खाते, मला कळत न्हाई व्हय? आरं, तू रोज शेळी बांधतूस ना, त्याच झाडाला."

मग सगळे उकिरड्यापाशी गेले. डोक्यापेक्षा उंच झाड होतं. बुंध्याला चंद्रभानच्या शेळीची दोरी होती. राजनंदिनीनं पान चुरगाळून वास घेतला आणि वडिलांकडे न बघता होकाराची मान हलवली.

चंद्रभान मटकन दगडावर बसले. उद्या सुनावणी. देवळीत अकरा वर्षांचे निरंक. आणि त्यातला एकही खरा नाही.

भुजंग कानाशी वाकला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पाटील, इळा आनू का? दोन मिंटाचं काम हाय. कोन बोलनार न्हाई."

चंद्रभानने एकदा झाडाकडे, एकदा शेळीकडे पाहिलं. शेळी पाय घासत होती.

"न्हाई," ते म्हणाले. "आता म्हाईत झालंय. म्हाईत नव्हतं तवर निरंक लिवलं, तो येडेपना झाला. आता लिवलं तं खोटं व्हईल. पंचनामा करावा लागंल." त्यांनी गर्दीकडे पाहिलं. "दोन पंच पायजेत."

हा शब्द उच्चारल्याबरोबर चमत्कार झाला. पंच व्हायचं म्हणजे सही करायची, आणि सही केली की वर्षानुवर्षं कोर्टाचं बोलावणं येतं, हे बोरटाकळीतल्या तान्ह्या लेकरालाही ठाऊक आहे. कुणाचं दूध उतू चाललं, कुणाची मोटार चालू राहिली होती. चाळीस माणसं उकिरड्यावरून नाहीशी झाली.

उरल्या कस्तुराबाई. "मी व्हते की पंच. झाडाची अन् माजी वळख बी जुनी हाय."

"काकू, तुमी आरोपी व्हाल, पंच न्हाई!"

"मग च्या ठेवू का?"

चंद्रभानने ठाण्याला फोन लावला. पलीकडे जमादार होते, जुने, अकरा वर्षांपूर्वी जेवून गेलेल्या सहांपैकी एक.

"गांजाचं झाड सापडलंय साहेब."

"पाटील," जमादार मायेनं म्हणाले, "आधी भाजी करून बघा ना."

"साहेब, खरंच हाय!"

"तवा बी खरंच व्हतं. लसूण जास्त घाला म्हणावं वहिनीला."

शेवटी राजनंदिनीनं फोन घेतला. त्या आवाजापुढे जमादारांचंही चालेना. दुपारी ते मोटारसायकलवर आले, झाडाभोवती एक फेरी मारली आणि टोपी काढली. "पाटील, माफी असावी. आवंदा भाजी न्हाई व्हायची."

पंचांचा प्रश्न त्यांनीच सोडवला. गिरणीच्या दारातला व्यंकटी पळूच शकत नव्हता, दळण चालू होतं. आणि आडोशाला उभं राहून मजा बघणारा भुजंग त्यांना दिसला. "या, या. आधारची झेरॉक्स हातातच हाय? वा! आसा तयारीचा पंच मी नोकरीत बघितला न्हाई."

जमादार लिहायला बसले. 'गावठाणातील उकिरड्यावर आपोआप उगवलेले एक झाड...'

"पानी मी घालत व्हते हां," कस्तुराबाई म्हणाल्या. "आपोआप उगवतंय, पन पानी मीच घालत व्हते. खोटं कामून लिवता?"

चंद्रभानने डोळे मिटले. जमादारांनी पेन थांबवलं, कानाला हात लावला आणि म्हणाले, "आज्जी, गिरणी चालू हाय. काही ऐकायला येईना झालंय."

झाड उपटलं, गाठोडं बांधलं, शेळी मोकळी झाली.

सोमवारी गंगाखेडला मोठ्या साहेबांनी फाइल उघडली. एक निरंक, दोन निरंक, ते पानं उलटत राहिले. शेवटच्या पानावर, काल लिहिलेल्या शाईत, 'एक झाड. दरवर्षी उगवत होते. मी अंबाडी समजलो. चूक माझी.'

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुनीच न्हाई, साहेब."

"शेळी बांधत होतात म्हणे?"

"व्हय साहेब."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. तो कशासाठी, ते चंद्रभानला कळलं नाही. "पाटील, या सगळ्या फाइलीत माझा विश्वास बसेल असं हे एकच पान आहे." आणि सही केली. फक्त सहीखाली एक ओळ लिहिली, 'यापुढे प्रत्यक्ष खात्री करूनच अहवाल द्यावा.'

राजनंदिनीला गुरुवारी दुसरा नंबर मिळाला. उकिरड्याची गोष्ट तिनं भाषणात घातली होती. परवाना घ्यायला गावात चाळीस जण आले, आणि साक्ष द्यायला एकही उरला नाही. कायदा बदलायचा की नाही हे ठरवताना, ती म्हणाली, दोन्ही वेळची गर्दी मोजा. परीक्षकांनी विचारलं, ही बाजू कुठली झाली? ती म्हणाली, "घरची."

कस्तुराबाईंच्या म्हशीला आता जनावरांच्या डॉक्टरची बाटली मिळते. म्हशीला ती आवडत नाही, असं त्या येता-जाता चंद्रभानला सुनावतात.

आणि चंद्रभान? साहेबांचा शेरा त्यांनी मनावर घेतलाय. महिन्याची अखेर आली की ते सकाळीच निघतात. प्रत्येक बांध, प्रत्येक परसदार, प्रत्येक उकिरडा. पाच बोटांचं पान दिसलं की तोडायचं, पुसायचं आणि चावायचं. आंबट लागलं की पुढं. संध्याकाळी घरी येतात तेव्हा दात इतके आंबलेले असतात की पंचफुला त्यांना भाकरी दुधात कुस्करून देते.

"काय सापडलं का?" ती विचारते.

तोंड उघडवत नाही, म्हणून चंद्रभान कागद पुढे करतात. निरंक.