दुसरा पेला

ईस्टरचा रविवार, १९३१. रत्नागिरीत मांडवीच्या अलीकडचं आमचं चिऱ्याचं प्रार्थनामंदिर.

हजर: पाळकसाहेब. पुढच्या बाकांवर आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच तात्या आणि त्यांची बायको माई, दोघं ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेली. त्यांच्या मागे कंपाउंडर आणि शाळामास्तर, आपापल्या कुटुंबासह. शेवटच्या बाकांवर आम्ही, महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले: सोनाआते, एक गवंडी आणि त्याची बायको, मी आणि माझी मुलगी मार्था.

गैरहजर: माझा नवरा. तो मुंबईला गोदीत.

मार्था सोळा वर्षांची. त्या दिवशी तिला मंडळीत घ्यायचं होतं. तिचं पहिलं प्रभुभोजन. पांढरं लुगडं मी आदल्या दिवशी धुऊन, खळ घालून ठेवलं होतं.

भाकर फिरली. मग पेला. आमच्यात पेला एकच असतो. पुढच्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी त्याच पेल्यातून एकेक घोट द्राक्षारस घ्यायचा. ख्रिस्ताने शेवटच्या जेवणात तसंच केलं, म्हणून.

त्या दिवशी मेजावर दोन पेले होते. एक नेहमीचा चांदीचा. दुसरा पितळेचा, बाजारातला, आतून ताजी कल्हई. तात्यांनी चांदीचा पेला पुढच्या बाकांवर फिरवला. परत नेऊन मेजावर ठेवला, वर रुमाल टाकला. पितळेचा उचलला आणि आमच्याकडे आले. कडेला मार्था बसली होती.

"घे, मुली. हा तुमचा."

मार्थाने माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांकडे.

"आरोग्याचा प्रश्न आहे," ते हळू म्हणाले. "गावात क्षय वाढलाय. कमिटीने ठरवलंय."

त्याच वेळी पुढच्या बाकावर कंपाउंडर खोकला. त्याला महिनाभर खोकला होता. तो चांदीच्या पेल्यातून प्यायला होता.

सोनाआते माझ्या कानाशी म्हणाली, "त्यांचा रोग आपल्याला लागत नाय. आपला त्यांना लागतो. लय जोराचा हाय आपला रोग."

गवंड्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. मी हसले नाही. रडूही आलं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. हात मांडीवर होते आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

तो चांदीचा पेला मी ओळखत होते. मंदिराची झाडलोट, मेजावरचं कापड, प्रभुभोजनाची भांडी, सगळं माझ्याकडे. पेला घासायची मी. दांड्यावरची नक्षी, काठाखालचा लहानसा पोचा, डोळे मिटून सांगेन. मी घासून पालथा ठेवायची. मग माई यायच्या, तांब्यातलं पाणी हातावर घेऊन पेल्यावर शिंपडायच्या आणि मग आत न्यायच्या. त्यांच्या माहेरी मोलकरणीने घासलेली भांडी अशीच घरात घ्यायचे. माईंना ख्रिस्ती होऊन वीस वर्षं झाली होती. देव सोडले, कुंकू सोडलं, नातेवाईक सुटले. पाणी शिंपडायचं सुटलं नाही. मी ते वर्षानुवर्षं पाहिलं आणि काही बोलले नाही. वाईट बाई नव्हत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी स्वतः येऊन लापशी दिली होती. वरून, वाडग्यात ओतून.

आता ख्रिस्ताविषयी.

लहानपणी मिशनच्या मडमेने आम्हाला त्याचं चित्र दाखवलं. गोरा, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा, झगा स्वच्छ. मला वाटलं, हा कलेक्टरच्या नात्यातला असणार. माझ्या बापाने ख्रिस्ती होण्याआधी प्रचारकाला सरळ विचारलं होतं, "जातीचा कोण?"

प्रचारक म्हणाला, "सुताराचा मुलगा. पण त्याला जात नाही."

बाप म्हणाला, "ज्याला जात नाय तो येक तर सायेब, नायतर आमच्याबी खालचा. ह्यातला कोण?"

प्रचारकाने स्तोत्र सुरू केलं. बापाने आयुष्यभर हा प्रश्न लोकांना हसत सांगितला. मीही हसायची.

त्या रविवारी, तो पितळेचा पेला तोंडासमोर असताना, मला बापाचा प्रश्न आठवला. आणि बायबलातली विहिरीवरच्या बाईची गोष्ट. ती शेकडो वेळा ऐकलेली. भर दुपारी ख्रिस्त विहिरीशी बसलाय, दमलेला. एक बाई पाणी भरायला येते, त्याचे लोक जिच्या लोकांच्या भांड्याला शिवत नाहीत अशी. तो तिच्याकडे पाणी मागतो. ती म्हणते, तुझ्याजवळ तर पोहरासुद्धा नाही.

पोहरा नाही. म्हणजे प्यायचं तर तिच्याच भांड्यातून. आणि मागणारा तो. आम्ही आयुष्यभर विहिरीपासून लांब उभे राहून मागत आलो, वरून कुणी ओतेल म्हणून. तिथे तो खाली बसून मागत होता. हा साहेब नव्हे. बापाला उत्तर मिळालं होतं, फक्त बाप उरला नव्हता.

मी मार्थाच्या हातावर हात ठेवला. "घेऊ नको."

तात्या थांबले. पाळकसाहेब मेजापासून उठून आले. भला माणूस, आवाज मऊ. "बाई, पेल्यात काय आहे? प्रभू एकच आहे. तो असता तर ह्या पितळेच्या पेल्यातूनसुद्धा आनंदाने प्यायला असता."

"तो प्यायला असता," मी म्हटलं. "तुम्ही प्या."

मी मोठ्याने बोलले नव्हते. तरी पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. पाळकसाहेबांनी पेल्याकडे पाहिलं. मग तात्यांकडे. तात्या कल्हईकडे पाहत होते. 

पाळकसाहेब प्यायले नाहीत.

मी मार्थाला उठवलं आणि बाहेर नेलं. मागे स्तोत्र सुरू झालं. आमच्यामागे कुणी उठलं नाही, सोनाआतेसुद्धा नाही. तिने त्याच पेल्यातून घेतलं. संध्याकाळी येऊन म्हणाली, "गो, माज्या पायात बळ नाय तुज्यासारकं." मी तिला चहा दिला.

रस्त्यात मार्था एकदाच बोलली. "आई, माझा दिवस होता."

 लुगड्याची खळ अजून मोडली नव्हती.

पुढे जे झालं ते थोडक्यात. भांड्यांचं काम माझ्याकडून काढलं. झाडलोट ठेवली. पाळकसाहेब दोनदा घरी आले, प्रार्थना केली, तिसऱ्यांदा आले नाहीत. नवरा मुंबईहून आल्यावर म्हणाला, "जमवून घ्यायचं होतंस." त्या वर्षांत गावातल्या देवळांत सगळ्यांना घ्यायची चळवळ चालली होती. तात्या तिच्याबद्दल कौतुकाने बोलत आणि हिंदूंना अक्कल येतेय म्हणत. मी मंदिराच्या पायऱ्या झाडत ऐकायची.

मंडळी मी सोडली नाही. का सोडू? तिथे जर कुणी माझ्या नात्यातला असेल तर तो विहिरीवर बसलेला माणूस आहे. त्याला तात्यांच्या हवाली करून मी कुठे जाऊ? दर प्रभुभोजनाला मी शेवटच्या बाकावर बसते. पितळेचा पेला येतो. मी न पिता पुढे देते. गेल्या नाताळात सोनाआतेनेही पुढे दिला. माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त दिला.

पण न पिणं म्हणजे अर्धंच काम.

मार्था आता वीस वर्षांची आहे. मुलींच्या शाळेत शिकवते. अजून मंडळीत नाही. परवा तिने स्वतःच विषय काढला.

"मी येते आई. पण मागे बसणार नाही."

"पुढे बसू," मी म्हटलं.

येत्या ईस्टरला पुढच्या बाकावर, माईंच्या शेजारी. चांदीचा पेला आधी तिथेच येतो. पांढरं लुगडं पेटीत आहे, ते काढून उन्हात घालायचं आहे. आणि तो पेला, पाणी न शिंपडता, माझ्या हाताने मार्थाच्या हातात द्यायचा आहे.

ते अजून व्हायचं आहे.